बिलाचा साचा प्रोग्रामच्या पोटात असावा की शेजारच्या फोल्डरात?

पाणंद (धागाकर्ता)

छोट्या दुकानदारांसाठी डॉटनेटमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्राम लिहिण्याच्या व्यवस्थेत) बिलिंगचे डेस्कटॉप प्रोग्राम लिहिणे हा माझा धंदा आहे. मागच्या दिवाळीच्या तोंडावर एका कापड दुकानातून फोन आला की प्रोग्राम उघडतो, गिऱ्हाइकाचे नाव घेतो, बेरीजही बरोबर करतो, पण छपाईचे बटण दाबले की बंद पडतो. मालकांच्या भाच्याने संगणक ‘साफ’ करताना ‘साचे’ नावाचा, बिलाची मांडणी ठरवणाऱ्या फाइलींचा फोल्डर उडवला होता, कारण त्यात त्याला ना फोटो दिसले ना हिशेब.

भाच्याला बोल लावण्यात अर्थ नाही. जिच्यावाचून प्रोग्रामचे काम अडते ती फाइल कोणाच्याही हाताला लागेल अशी उघड्यावर ठेवली, ही चूक माझी. तेव्हापासून बिलाचे एचटीएमएल साचे, डेटाबेसमधले तक्ते तयार करणारी एसक्यूएल स्क्रिप्ट, चिन्हे आणि देवनागरी फाँट हे सगळे मी एम्बेडेड रिसोर्स म्हणून, म्हणजे ईएक्सई या चालणाऱ्या प्रोग्राम-फाइलीतच मिसळून, आत ठेवतो. फाँट मुद्दाम ठेवतो, कारण विंडोज १० पासून मंगल हा देवनागरी फाँट ऐच्छिक फाँटांमध्ये गेला आहे आणि तो प्रत्येक संगणकावर सापडेलच अशी खात्री राहिलेली नाही. शिवाय फाइल आत असली की तिचा पत्ता शोधण्याची कटकट संपते. एरवी कोणी शॉर्टकटमधली ‘स्टार्ट इन’ची जागा बदलली तरी सापेक्ष पत्त्यावर (चालू फोल्डरपासून मोजलेल्या) विसंबलेला प्रोग्राम भलत्याच फोल्डरात साचा शोधत बसतो. म्हणून माझे मत असे की प्रोग्रामला लागणारे सर्व काही प्रोग्रामच्या पोटातच असावे.

रोकडा हिशेब

मी पूर्णपणे असहमत आहे. जीएसटी परिषदेने दरबदलाचा निर्णय ३ सप्टेंबर २०२५ रोजी घेतला आणि २२ सप्टेंबरपासून १२ व २८ टक्क्यांचे टप्पे जाऊन बहुतेक वस्तू ५ किंवा १८ टक्क्यांत आल्या. मधे तीन आठवडेसुद्धा नव्हते. ज्यांनी दरांचा तक्ता एम्बेडेड रिसोर्स म्हणून पुरून ठेवला होता, त्यांना एक आकडा बदलण्यासाठी प्रत्येक गिऱ्हाइकाकडे नवी ईएक्सई पोचवणे भाग होते, आणि ज्यांचा तक्ता बाहेर होता त्यांचे काम एका छोट्या फाइलीवर भागले. बदलणारी गोष्ट न बदलणाऱ्या डब्यात बंद करू नये, इतकाच माझा मुद्दा आहे. भाच्याच्या भीतीने तुम्ही घराला खिडक्याच ठेवल्या नाहीत.

पाणंद

दर हे रिसोर्स नव्हेत, ती माहिती आहे आणि माझ्याकडे ती डेटाबेसमध्ये, लागू होण्याच्या तारखेसह असते. ‘सर्व काही’ हा शब्द मात्र मी सैल वापरला, हे मान्य. मी बोलतो आहे ते साच्यांबद्दल.

बिनशेंड्याचा

बाजू घेण्याआधी, आत ठेवलेली फाइल वाचताना काय होते ते एकदा बघावे, कारण ‘पत्ता शोधण्याची कटकट संपते’ हे विधान मला फारच धाडसी वाटले. डॉटनेटमध्ये आतली फाइल वाचून देणाऱ्या गेटमॅनिफेस्टरिसोर्सस्ट्रीम या मेथडला (तयार आज्ञेला) जे नाव द्यावे लागते, ते प्रकल्पाचे मूळ नेमस्पेस (कोडमधल्या नावांच्या गटाचे नाव), मग फोल्डरांची नावे आणि शेवटी फाइलीचे नाव, अशी टिंबांनी जोडलेली साखळी असते. एक अक्षर लहानाचे मोठे झाले किंवा फोल्डरच्या नावातल्या आडव्या रेघेची बांधणीत (कोडपासून प्रोग्राम बनवताना) अधोरेघ झाली, की साखळी तुटते. तुटल्यावर अपवाद (चुकीची सूचना) फेकला गेला असता तर बरे झाले असते, पण मेथड मुकाट्याने नल, म्हणजे ‘काहीच नाही’, परत करते. तो नल मजकूर वाचणाऱ्या स्ट्रीमरीडरच्या हाती पडला की तक्रार तिथून उठते आणि नवखा माणूस दोन तास चुकीच्या ओळीकडे बघत राहतो.

माझ्यावर ओढवलेला प्रसंग याहून गमतीचा होता. दोन भाषांत पावती हवी होती, म्हणून मी फाइलींची नावे ‘पावती.एमआर.एचटीएमएल’ आणि ‘पावती.ईएन.एचटीएमएल’ अशी रोमन लिपीत ठेवली. नाव अक्षर न अक्षर बरोबर असूनही नल येत राहिला. शेवटी गेटमॅनिफेस्टरिसोर्सनेम्सने असेम्ब्लीतली (बांधून तयार झालेल्या फाइलीतली) सगळी नावे छापून पाहिली, तर दोन्ही फाइली यादीतच नव्हत्या. टिंबांमधले ‘एमआर’ हा मराठीचा भाषासंकेत आहे असे बांधणी करणाऱ्या एमएसबिल्डने परस्पर ठरवले होते आणि फाइल मुख्य ईएक्सईत न घालता ‘एमआर’ नावाच्या फोल्डरातल्या वेगळ्या डीएलएलमध्ये (प्रोग्रामच्या जोडफाइलीत) नेऊन ठेवली होती. म्हणजे पोटात ठेवलेला साचा शेवटी शेजारच्याच फोल्डरात निघाला, आणि तुमच्या भाच्याला तोही उडवता आला असता! प्रकल्पाच्या फाइलीत त्या नोंदीला ‘विथकल्चर’ची किंमत ‘फॉल्स’ दिली, किंवा नावात टिंबाऐवजी आडवी रेघ वापरली, की हा घोळ मिटतो. साखळीतल्या नावाच्या चुका टाळायला मात्र ‘लॉजिकलनेम’ देऊन नाव स्वतः ठरवणे मला सर्वांत भरवशाचे वाटते.

जुना जार

जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत निराळ्या वाटेने हीच फजिती होते. एडिटरमधून प्रोग्राम चालवला की रिसोर्स डिस्कवर सुटी फाइल म्हणून पडलेली असते, म्हणून तिच्या पत्त्यावरून फाइलचा ऑब्जेक्ट बनवणारा कोड बिनबोभाट चालतो. जार (जावाच्या सगळ्या फाइलींचे एकच गाठोडे) बांधली की ती फाइल डिस्कवर उरत नाही आणि तोच कोड गिऱ्हाइकाकडे आपटतो. विंडोजच्या फोल्डरात लहान-मोठ्या अक्षरांची चूक खपून जाते, जारमध्ये खपत नाही. त्यात मराठीचा जाच वेगळाच होता, कारण जावा ८ पर्यंत रिसोर्स बंडलच्या प्रॉपर्टीज फाइली (प्रोग्रामच्या मजकुराच्या) आयएसओ ८८५९-१ या देवनागरी नसलेल्या संकेतनात वाचल्या जात असत आणि प्रत्येक देवनागरी अक्षर युनिकोडच्या आकड्यात बदलून लिहावे लागे. २०१७ साली आलेल्या जावा ९ ने त्या सर्व लिपी सामावणाऱ्या यूटीएफ-८ मध्ये वाचायला सुरुवात केली. तरीही मी धागाकर्त्याच्याच बाजूचा आहे. रिसोर्सला फाइल समजणे सोडावे, तिला सुरुवातीपासून स्ट्रीम (क्रमाने वाचायचा मजकुराचा प्रवाह) म्हणूनच वाचावे, आणि बांधलेला प्रोग्राम आपल्या संगणकाखेरीज दुसऱ्या संगणकावर एकदा चालवून पाहिल्याशिवाय पाठवू नये.

फोनवरची

मी प्रोग्राम लिहीत नाही. तुम्ही लिहिलेल्या प्रोग्रामांच्या तक्रारी फोनवर ऐकते. साचा बाहेर असला तर दुकानाचा नवा मोबाइल नंबर मी दूरस्थ जोडणी घेऊन पाच मिनिटांत बदलून देते. साचा आत असला तर मी फक्त ‘पुढच्या आवृत्तीत होईल’ एवढेच सांगू शकते, आणि तोपर्यंत दुकानदार प्रत्येक बिलावर जुना नंबर पेनाने खोडत बसतो. तुमची सुरक्षितता त्याच्या गल्ल्यावर बसून बघा.

जुना जार

आणि गिऱ्हाइकाने स्वतःच जुन्या नोटपॅडमध्ये साचा उघडून एएनएसआयमध्ये (देवनागरी न ओळखणाऱ्या जुन्या संकेतनात) जतन केला, की सगळ्या मराठी मजकुराची प्रश्नचिन्हे होतात, तेही फोन तुम्हालाच येतात ना?

फोनवरची

येतात. पण त्या दुकानात मूळ साच्याची प्रत मी आधीच ठेवलेली असते.

पाणंद

मग मधला रस्ता असा सुचतो. मूळ साचा आतच राहील. पहिल्यांदा चालताना प्रोग्राम त्याची एक प्रत प्रोग्रामडेटातल्या आपल्या फोल्डरात उतरवील आणि त्या फोल्डरात लिहिण्याची परवानगी इन्स्टॉलर देऊन ठेवील. प्रोग्राम फाइल्समध्ये ती नको, तिथे प्रशासकाच्या परवानगीशिवाय लिहिता येत नाही. छापताना आधी बाहेरची प्रत बघायची, ती नसेल किंवा वाचता येत नसेल तर आतली वापरायची. भाच्याने फोल्डर उडवला तरी बिल छापले जाईल आणि फोनवरून नंबरही बदलता येईल.

रोकडा हिशेब

ऐकायला छान आहे, पण सहा महिन्यांनी तुम्ही नव्या आवृत्तीत बिलावर क्यूआर कोडची चौकट वाढवलीत की काय होईल ते सांगा. आतला साचा नवा असेल, बाहेरचा जुना, आणि तुमच्या नियमाप्रमाणे बाहेरचाच जिंकेल. दुकानदार म्हणेल की पैसे घेतले आणि क्यूआर दिसत नाही. पहिल्या ओळीत आवृत्तीचा क्रमांक घालू, असे तुम्ही म्हणाल. ठीक आहे, पण क्रमांक जुना निघाला तर प्रोग्रामने थांबायचे, की आतला साचा वापरून बिलावर पुन्हा जुना नंबर छापायचा?

पाणंद

आतला साचा वापरायचा. आणि नंबर, पत्ता, जीएसटी क्रमांक हे साच्यात न लिहिता सेटिंगमध्ये ठेवायचे, म्हणजे साचा कुठलाही वापरला तरी ते ताजेच छापले जातील. दुकानदाराला साच्याला हात लावायचे कारणच उरणार नाही.

फोनवरची

मागच्या आठवड्यात मी चार दुकानांचे साचे बदलले. एकाला वरती ‘॥ श्री गजानन प्रसन्न ॥’ हवे होते, दुसऱ्याला ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ लाल शाईत हवी होती, तिसऱ्याला तीच ओळ काढून टाकायची होती, आणि चौथ्याला बेरजेच्या शेजारी वडिलांचा फोटो पाहिजे होता. यांपैकी काय काय तुम्ही सेटिंगमध्ये घेणार आहात तेवढे कळवा, म्हणजे मला फोनवर सांगता येईल.