तान्ह्या पोळ्याचा एपिसोड: शेवटी 'दोघांना सारखं' चालेल का?

पटकथा_धंतोली
सात मिनिटांचा कार्टून एपिसोड, प्रेक्षक 4 ते 7 वर्षांचे. रेवा आठची, गोलू पाचचा. तान्ह्या पोळ्याला (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, लाकडी नंदी मिरवायचा पोरांचा सण) गोलूला चाकांचा नवा लाकडी नंदी, रेवाला तिचाच जुना, एक शिंग तुटलेला. झूल, बेगड, घुंगरू, दोन्ही नंदींची सजावट रेवाची. मोहल्ल्यातल्या स्पर्धेत बक्षीस मात्र गोलूच्या नंदीला. चौथ्या मिनिटापर्यंत चिडवाचिडवी ('रडका गोलू' हे गाणं तीनदा), मग रेवा त्याच्या नंदीचं चाक लपवते. साडेसहाव्या मिनिटाला आई येते, 'तू मोठी आहेस ना' म्हणत दोघांना सारखा बोजारा (सणाचे खाऊचे पैसे) देते, गळाभेट, संपलं. हा शेवट पटतो का? आणि चिडवाचिडवी किती ठेवावी?

फ्रेमवाला
शेवटाच्या आधी मधलं बघा. 420 सेकंदांपैकी 390 सेकंद तक्रार आणि भांडण, समेटाला 30. या वयाची पोरं जे जास्त वेळ दिसतं तेच उचलतात. शेवटच्या अर्ध्या मिनिटातला धडा आधीच्या सगळ्याला लागू होतो, हा हिशेब त्यांना जमत नाही. 'रडका गोलू' हे गाणं तीनदा वाजलं तर घरोघरी तेच ऐकू येईल.

नव्या-जुन्या नंदीची गोष्ट पहिल्या मिनिटात उरकून टाका. चिडवणं एकदाच, तेही गोलूचा चेहरा पडलेला दाखवून. चाक अडीच मिनिटांच्या आत लपवलं गेलं पाहिजे, म्हणजे परिणामाला चार मिनिटं उरतात: नंदी कलंडतो, रांगेतली पोरं पुढे निघून जातात, गोलू चाक शोधतो आणि रेवाही त्याच्यासोबत शोधल्याचं नाटक करते. इथं तिच्या चेहऱ्यावर चार सेकंदांचा होल्ड (स्थिर चित्र) द्या. सेकंदाला 24 च्या हिशेबानं 96 फ्रेम, पण एक पापणी सोडली तर नवीन ड्रॉइंग जवळजवळ नाहीच. संगीतही बंद.

चाक कसं निघतं तेही ठरवा. खिळा उपटताना दाखवू नका, पोरं घरी तेच करून पाहतील. लाकडी खुंटी ओढली की चाक सुटतं, एवढं पुरे.

(मारबत, म्हणजे त्याच दिवशीची पुतळ्यांची मिरवणूक, दाखवणार असाल तर ती आधी, नंदींची रांग संध्याकाळी. नागपूरचा प्रेक्षक हे लगेच पकडेल.)

बालवाडी_ताई
सारखा बोजारा गोलूला पटेल, रेवाला नाही. चार-पाच वर्षांचं मूल स्वतःला कमी आलं की ओरडतं, जास्त आलं की गुपचूप घेतं. आठच्या आसपास जास्त आलेलंही खटकायला लागतं. रेवाचं दुखणं पैशाचं नाहीच. मेहनत तिची, टाळ्या गोलूला. आईनं दहा-दहा रुपये वाटले तरी ते तसंच राहतं.

अडचण अशी की तुमचा प्रेक्षक गोलूच्या वयाचा आहे. लहान मुलांनाही ज्यानं काम केलं त्याला जास्त मिळावं हे कळतं, पण काम डोळ्यांसमोर झालेलं हवं. रेवा बेगड चिकटवतेय, बोटांना डिंक लागलाय, गोलू मधेच उठून पळाला, हे 15-20 सेकंद दाखवा. संवादातून सांगितलं तर वाया जाईल.

बोजारा दाखवाल तर नाणी सारखीच ठेवा. गोलूच्या हातात 2 ची पाच नाणी आणि रेवाच्या हातात 10 चं एक, असं दिसलं की पाच वर्षांचा प्रेक्षक ठामपणे म्हणेल, गोलूला जास्त मिळाले. तेवढंच पाणी उंच पेल्यात लहान मुलांना जास्त वाटतं, हे मानसशास्त्रज्ञ पियाजेनं दाखवलं होतं, त्यातलाच प्रकार.

आणि आईच्या तोंडचं 'तू मोठी आहेस ना' हे वाक्य काढायचं नसेल तर त्याला किंमत मोजायला लावा. रेवा चाक त्याच वाक्यानंतर लपवू दे.

पटकथा_धंतोली
मग गोलूनं बक्षीस ताईला देऊन टाकावं का?

बालवाडी_ताई
नको. पाच वर्षांचं मूल इतकं उदार झालं की मोठ्या माणसानं लिहिलंय हे कळतं. तो परीक्षकांना ओरडून सांगू दे, "ताईनं सजवला!" त्याच्या पदरचं काही जात नाही आणि तिला हवं तेच मिळतं. पण त्यापूर्वी रेवानं चाक आपणहून काढून द्यायला हवं, आई यायच्या आत. नुसतं 'सॉरी' नको: तो नंदी धरतो, ती चाक बसवते, खुंटी ठोकते. म्हणजे बक्षीस चाक बसवल्यावर जाहीर करा, सध्याचा क्रम उलटेल. सजावटीच्या वेळी गोलूनं तिला निदान घुंगरू मोजून दिलेले असू द्या, नाहीतर ते ओरडणं आकाशातून पडल्यासारखं वाटेल. गळाभेट कापा. हेवा पूर्ण जायची गरज नाही, रेवा जाता जाता म्हणते, "पुढच्या साली नवा मलेच पायजे."

फ्रेमवाला
+1. तुटलेलं शिंगही जोडू नका.

रंगकामाआधी अ‍ॅनिमॅटिक (कच्च्या चित्रांचा आवाजासह व्हिडिओ) पाच-सात पोरांना दाखवा, पण एकेकट्याला; गटात पहिला बोलला तेच सगळे बोलतात. 'आवडलं का?' विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा: रेवानं चाक का घेतलं? गोलूला केव्हा वाईट वाटलं? तुझ्या नंदीला बक्षीस नाही मिळालं तर काय करशील? शेवटच्या प्रश्नाला दोघा-तिघांनी 'चाक लपवीन' म्हटलं तर चाक लपवण्याचा सीन फार मजेदार झालाय. त्यातली उडी, टणटण आवाज आणि रेवाचं हसू काढा आणि पुन्हा दाखवा.