मदत हवी आहे: जांघेतल्या जखमेवरची पट्टी टिकत नाही

मंडळी, जोराचा रक्तस्राव थांबवण्याचा सराव करतोय आणि एका जागी अडलोय. हातापायाला टूर्निकेट (रक्त थांबवायला करकचून आवळायचा पट्टा) बांधणं जमतं. घोळ आहे तो जांघेचा आणि काखेचा. तिथे टूर्निकेट बसत नाही, म्हणून जखमेत गॉझ (जाळीदार सुती कापडाची पट्टी) ठासून भरायचं. जाड स्पंजाला चीर पाडली, तळाशी रंगीत पाण्याची नळी सोडली आणि करून बघितलं. एका बोटाने गॉझ नळीच्या तोंडाशी दाबून धरायचं, दुसऱ्या हाताच्या बोटाने पुढचा पदर आत ढकलायचा, मगच पहिलं सोडायचं. नेमक्या या हातबदलात माझं बोट निसटतं आणि पाणी परत उसळतं. (बोटं जाडजूड आहेत, हेही कारण असेल!)

साधं गॉझ असेल तर निदान १० मिनिटं दाब, रक्त गोठवणारं असेल तर ३, हे पाठ आहे. भिजलेलं उपसायचं नाही, हेही. पण त्यानंतर वरून पट्टी गुंडाळली की मांडी हलवताच ती सैल पडते. कंबर आणि मांडीभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे घालून पाहिले, तरी तेच.

प्रत्यक्ष ही वेळ आलेल्यांनी सांगा: वेढे कुठून सुरू करता? गॉझ कातडीच्या वर किती उंच येऊ देता? आणि एकटेच असाल तर दाब न सोडता पट्टीचं पाकीट फोडता कसं? मी दातांनी फोडायला गेलो, तर अर्धी पट्टी मातीत.

छाती-पोटाच्या जखमेत असं भरायचं नसतं हे ठाऊक आहे, त्यामुळे तो विषय नको.