अंबरी सफरचंद आपल्याकडे होळीपर्यंत टिकेल काय?

प्रश्न (संत्रा बागायतदार, वरूड तालुका):
माझा भाचा सैन्यात असून सध्या काश्मिरात आहे. ऑक्टोबरअखेर सुटीवर येताना त्याने अंबरी या तिथल्या जुन्या जातीची एक पेटी आणली. हे फळ थंड खोलीत पेंढ्यावर पसरून ठेवले, तर हिवाळा सरेपर्यंत टिकते, असे त्याला एका वृद्ध बागवानाने सांगितले होते. आम्हीही कोठीच्या खोलीत कुटार (भुसा) पसरून फळे मांडली. पंधरा दिवसांत साली सुरकुतल्या, तीन फळे सडली आणि शेजारच्या आंबिया बहराच्या (हिवाळ्याअखेर फुलणाऱ्या हंगामाच्या) संत्र्यांच्या देठावरील हिरव्या चकत्या गळू लागल्या. आमचे काय चुकले? याचे कलम इथे लागेल काय?

उत्तर १:
भाऊ, फळात खोट नाही, कोठी उबदार आहे. अंबरी उशिरा तयार होते व तिचा गर घट्ट असतो, म्हणून ती टिकते. परंतु तोडलेले फळही श्वास घेत असते आणि तापमान दहा अंशांनी वाढले, की तो वेग साधारणतः दोन ते तीन पट होतो. शिवाय कोरडे कुटार ओलावा ओढून घेते. संत्र्यांचे कारण मात्र वेगळे आहे: सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो, त्याने संत्र्याची चकती सुटते आणि त्याच जागेतून बुरशी आत शिरते. दोन्ही फळे आजच वेगळी करावीत. मार लागलेली सफरचंदे आधी खाऊन टाकावीत. उरलेली एकेक कागदात गुंडाळून, छिद्रे पाडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, फ्रिजच्या खालच्या खणात ठेवावीत. संत्र्याच्या शीतगृहाचा मोह टाळा, कारण नागपुरी संत्र्याला ६ ते ७ अंश लागतात, तर सफरचंदाला शून्याच्या आसपासची थंडी मानवते.

उत्तर २:
कलमाच्या भानगडीत पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सफरचंदाच्या बहुतेक जुन्या जातींना नीट फुलण्यासाठी हिवाळ्यात ७ अंशांखालील थंडीचे ८०० ते १२०० तास लागतात. आपल्याकडे पौषातल्या चार पहाटे गारठ्याच्या निघाल्या, तरी दुपारी ऊन तापतेच. हौसच असेल, तर कमी थंडीवर येणारी अण्णा किंवा हिमाचलातील एचआरएमएन-९९ लावून पाहावी, पण तिच्याकडून अंबरीच्या सुगंधाची आणि टिकाऊपणाची अपेक्षा धरू नये. खुद्द काश्मिरातही डेलिशियस जातींनी अंबरीला मागे सारले आहे. तिचा रेड डेलिशियसशी संकर करून तिथे लाल अंबरी तयार केली गेली.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. काल पेटी उपसली, तेव्हा कुटाराला हात लावताच ते कोमट लागले. चौतीस फळे फ्रिजमध्ये गेली, सहा चिरून मुलांना दिली. संत्री ढाळजेत हलवली आहेत. कलमाचा विचार सोडला; भाच्याला पुढच्या वर्षी अर्धीच पेटी आणायला सांगितले आहे.