मदत हवी आहे: रनिंग गेम भक्कम असला की क्वार्टरबॅकचं ओझं नेमकं कसं कमी होतं?

केतकी_ओहायो

नमस्कार मंडळी. इथे एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) नियमित बघणारे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढते आहे.

आम्ही कोलंबसजवळ राहतो. मुलगा नववीत आहे आणि शाळेच्या फ्रेशमन टीमचा क्वार्टरबॅक आहे, म्हणजे चालीत चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि तो पुढे देतो किंवा फेकतो. गेल्या वर्षी मिडल स्कूलमध्ये त्याची टीम सारखी पास टाकायची. इथले कोच पहिल्याच बैठकीत पालकांना म्हणाले की आम्ही आधी रनिंग गेम (चेंडू घेऊन पळत पुढे जाणं) उभा करणार, म्हणजे क्वार्टरबॅकवरचं ओझं उतरेल. दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, त्यातला एकेक म्हणजे डाउन. आता पहिल्या-दुसऱ्या डाउनला चेंडू बहुतेक वेळा रनिंग बॅककडेच, म्हणजे तो घेऊन पळणाऱ्याकडेच जातो. मुलगा घरी येऊन धुसफुसतो. म्हणतो, "कोचचा माझ्यावर भरवसाच नाही. मी फक्त चेंडू हातात द्यायला उभा असतो."

मला नियम कळतात, डावपेच कळत नाहीत. पण दोन गोष्टी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. गेल्या वर्षीच्या एका सामन्यात तिसरा डाउन होता, आठ यार्ड हवे होते. हा मागे सरकला, उजवीकडे बघितलं, कोणी मोकळं नव्हतं, डावीकडे वळेपर्यंत पाठीमागून एक धिप्पाड मुलगा येऊन आदळला. उठला तेव्हा हेल्मेटच्या जाळीत टर्फचे काळे रबरी दाणे अडकले होते आणि तो ते बोटाने काढत बसला होता. माझा जीव अर्धा झाला. यंदा असाच तिसरा डाउन आला, पण दोनच यार्ड हवे होते. त्याने टाइट एंडला (लाइनच्या टोकाशी उभ्या खेळाडूला) छोटासा पास दिला आणि त्याला कोणी शिवलंसुद्धा नाही.

हा फरक रनिंग गेममुळे पडतो का? ओझं कमी होतं म्हणजे फक्त पास कमी टाकायचे, एवढंच? की आणखी काही असतं? आणि या मुलाला मी काय सांगू, की त्याला ते पटेल? त्याचे बाबा क्रिकेटवाले, त्यांनाही हे नीट सांगता येत नाही. कृपया सविस्तर लिहा, मला खरंच समजून घ्यायचं आहे.

अण्णा_पिट्सबर्ग

केतकीताई, तुम्ही लिहिलेल्या दोन प्रसंगांतच निम्मं उत्तर आहे.

पहिल्या डाउनला रनिंग बॅकने पाच यार्ड काढले, दुसऱ्याला तीन, की तिसऱ्या डाउनला दोनच यार्ड उरतात. अशा वेळी डिफेन्सला काहीच गृहीत धरता येत नाही. रन येऊ शकतो, छोटा पास येऊ शकतो, क्वार्टरबॅक स्वतः घुसू शकतो. पण पहिले दोन पास जमिनीवर पडले आणि आठ-दहा यार्ड शिल्लक राहिले, की स्टेडियममधल्या सगळ्यांना ठाऊक असतं की आता पासच येणार. मग पुढच्या फळीतले आडदांड गडी रनची फिकीर सोडून सरळ क्वार्टरबॅकवर तुटून पडतात. मागचे लोक बरोबर पहिल्या डाउनच्या खुणेपाशी दबा धरून बसतात. रिसिव्हरला (पास झेलणाऱ्याला) तिथवर पोचायला वेळ लागतो, म्हणजे तुमच्या मुलाला चेंडू जास्त वेळ हातात धरावा लागतो आणि लाइनमधल्या पोरांना समोरच्यांना तेवढा जास्त वेळ थोपवावं लागतं. तो आपटला यात त्याची चूक फारशी नसणार. ती परिस्थितीच वाईट होती.

दुसरं म्हणजे सेफ्टी. साधारणपणे दोन सेफ्टी, म्हणजे डिफेन्सचे सगळ्यात मागचे रखवालदार, खोल उभे असतात. रन थांबत नाही असं दिसलं की त्यातल्या एकाला पुढे आणतात, त्याला बॉक्समध्ये (लाइनजवळच्या मधल्या भागात) आठवा माणूस आणणं म्हणतात. आता माणसं मुळात अकराच. आठ पुढे आले की मागे तीन उरतात आणि बाहेरच्या रिसिव्हरला एकेकच रखवालदार राहतो. मुलाच्या बाबांना सांगा, स्वीप बसायला लागला की कॅप्टन एक फील्डर डीप स्क्वेअर लेगला धाडतो आणि दुसरीकडे रान मोकळं होतं, तसंच हे.

तिसरं, प्ले-ॲक्शन. क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकला दिल्यासारखं करतो आणि देत नाही. लाइनबॅकर (डिफेन्सच्या पुढच्या फळीमागचे खेळाडू) रन अडवायला दोन पावलं पुढे येतात, आणि नेमकी त्यांच्या पाठीमागची जागा रिकामी होते. त्या दोन पावलांवर कितीतरी क्वार्टरबॅकनी करिअर केलं आहे.

थोडक्यात, पास कमी होतात हे खरं, पण जे उरतात ते सोपे होतात. माझ्या मते हेच जास्त महत्त्वाचं.

माइलहाय

अण्णांशी सहमत. मी डेन्व्हरचा, त्यामुळे आमच्या ब्रॉन्कोस टीमचा क्वार्टरबॅक जॉन एल्वे याच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या मुलाला ही गोष्ट जरूर सांगा.

एल्वे १९८३च्या ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंच्या निवडीतला) अगदी पहिला खेळाडू. त्याच्यासारखा हात क्वचितच कुणाचा. त्याने ब्रॉन्कोसना तीन वेळा सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात नेलं आणि तिन्ही वेळा टीमचा धुव्वा उडाला: जायंट्सकडून ३९-२०, वॉशिंग्टनकडून ४२-१०, फॉर्टीनायनर्सकडून ५५-१०. सगळा भार एकट्यावर होता. मग १९९५मध्ये माइक शॅनाहान कोच म्हणून आले आणि त्याच वर्षी ड्राफ्टच्या सहाव्या फेरीत टेरेल डेव्हिस नावाचा रनिंग बॅक मिळाला, ज्याच्याकडून कुणाला फार अपेक्षा नव्हती. १९९७च्या मोसमात डेव्हिसने १,७५० यार्ड काढले आणि ब्रॉन्कोस पुन्हा सुपर बोलला पोचले, समोर ग्रीन बे पॅकर्स.

त्या सामन्यात डेव्हिसला मायग्रेनचा झटका आला. दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला चेंडू गोल लाइनपासून एक यार्डावर होता आणि डेव्हिसला धड दिसत नव्हतं. त्याने शॅनाहानना तसं सांगितलं. शॅनाहान म्हणाले, तुला दिसायची गरज नाही, चेंडू तुला द्यायचाच नाहीये, पण तू मैदानात नसलास तर आपण रन करणार यावर त्यांचा विश्वास बसणार नाही. डेव्हिस तसाच आत गेला. एल्वेने चेंडू त्याला दिल्यासारखं केलं, डिफेन्स मधोमध त्याच्यावर कोसळला, आणि एल्वे बाजूने आरामात पळत गोल लाइनपलीकडे जाऊन टचडाउन करून आला. डोळ्यांपुढे अंधारी आलेला माणूस नुसता उभा राहिला तरी क्वार्टरबॅकचं काम सोपं झालं! मला या खेळातली ही सगळ्यात सुंदर चाल वाटते.

डेव्हिस त्या क्वार्टरमध्ये पुढे बाहेरच बसला, उत्तरार्धात परतला आणि एकूण १५७ यार्ड आणि तीन टचडाउन करून सामनावीर ठरला. एल्वेचे पास जेमतेम १२३ यार्डांचे, एकही टचडाउन पास नाही, एक इंटरसेप्शन (पास प्रतिस्पर्ध्याने झेलला). आणि ब्रॉन्कोस ३१-२४ जिंकले. म्हणून कुणी म्हणालं का की एल्वेवर भरवसा नव्हता? पुढच्याच वर्षी फाल्कन्सविरुद्धच्या सुपर बोलमध्ये ३३६ यार्ड पास टाकून तोच सामनावीर झाला.

दशमान

चर्चा छान चालली आहे, पण थोडी दुसरी बाजूही मांडतो, म्हणजे मुलाला अर्धवट चित्र मिळणार नाही.

ताजं उदाहरण फिलाडेल्फिया ईगल्सचं. २०२३मध्ये त्यांचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सने ५३८ पास टाकले आणि १५ इंटरसेप्शन दिले. २०२४मध्ये रनिंग बॅक सेक्वॉन बार्कली आला, त्याने २,००५ यार्ड काढले, आणि हर्ट्सचे पास ३६१वर आले, इंटरसेप्शन फक्त ५. (हर्ट्स त्या वर्षी दोन सामने कमी खेळला, हेही धरा.) इथवर सगळं अण्णा म्हणतात तसंच. पण सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटी चीफ्सनी ठरवून बार्कलीला बांधून ठेवलं: २५ वेळा चेंडू नेऊन अवघे ५७ यार्ड. तेव्हा हर्ट्सने २२पैकी १७ पास पूर्ण केले, स्वतः पळून ७२ यार्ड काढले, ईगल्स ४०-२२ जिंकले आणि सामनावीर हर्ट्स. म्हणजे ओझं उतरलं तरी ते उचलायची तयारी ठेवावीच लागते.

उलट उदाहरण २०१९च्या टेनेसी टायटन्सचं. प्लेऑफमध्ये रनिंग बॅक डेरिक हेन्रीने पेट्रियट्सविरुद्ध १८२ आणि रेव्हन्सविरुद्ध १९५ यार्ड काढले. क्वार्टरबॅक रायन टॅनेहिलला त्या दोन विजयांत पासचे १०० यार्डसुद्धा लागले नाहीत, ७२ आणि ८८ बस्स. मग कॅन्सस सिटीत चीफ्सविरुद्ध हेन्री ६९वर अडकला, टायटन्स आधी १७-७ पुढे असूनही मागे पडले आणि ३५-२४ हरले. मागे पडलात की घड्याळ रन करू देत नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

आणि प्ले-ॲक्शनबद्दल एक. एनएफएलच्या आकडेवारीचा अभ्यास करणाऱ्यांना असं दिसलं आहे की रन फार यशस्वी नसला तरी प्ले-ॲक्शन चालतं. लाइनबॅकरला रनकडे धावायची सवयच इतकी घट्ट लागलेली असते. त्यामुळे "आधी रन सिद्ध करा, मगच प्ले-ॲक्शन" हे मला पूर्ण पटत नाही.

अण्णा_पिट्सबर्ग

दशमान, एनएफएलपुरतं मान्य. पण चौदा वर्षांच्या पोरांच्या डिफेन्सला आधी दोनदा रनने चोपलं तर तिसऱ्यांदा तो हमखास फसतो, हे मी इथल्या शाळांच्या सामन्यांत बघत आलो आहे. आणि बार्कलीला २५ वेळा चेंडू दिला म्हणूनच चीफ्सची माणसं पुढे अडकून राहिली. त्याचे ५७ यार्ड नुसते मोजू नका.

केतकी_ओहायो

सगळ्यांचे मनापासून आभार! एल्वे-डेव्हिसची गोष्ट रात्री जेवताना सांगितली. मुलगा ताट तसंच ठेवून तो प्ले शोधायला गेला, तीन-चारदा बघितला. पण नंतर म्हणाला, "एल्वेला निदान चेंडू ठेवायला मिळाला, मी तर देऊनच टाकतो." त्याच्या मनगटाच्या पट्टीवर प्ले लिहिलेले असतात, त्यात काहींच्या पुढे "रीड" लिहिलंय. ते काय असतं? मी विचारलं तर "तुला नाही कळणार" म्हणाला.

रानवारा

ताई, "रीड" म्हणजे तो चेंडू नुसता देत नाही, तो निर्णय घेतो! बहुधा झोन रीड असेल. त्यात लाइन मुद्दाम डिफेन्सच्या कडेच्या एका माणसाला अडवतच नाही. क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी धरतो आणि नजर त्या मोकळ्या माणसावर ठेवतो. तो रनिंग बॅककडे झेपावला तर चेंडू काढून घेऊन स्वतः त्याच्या मागून पळायचं. तो जागेवर थांबला तर चेंडू सोडून द्यायचा. हे सगळं डोळ्याची पापणी लवेपर्यंत. चुकला तर चेंडू दोघांच्या मधे पडतो. ज्याच्यावर भरवसा नाही अशा मुलाला कुठलाही कोच हे काम देणार नाही. हेच त्याला सांगा. माझा धाकटा टेक्ससमध्ये हायस्कूलला हे खेळला, त्याचं पहिलं वर्ष अगदी असंच धुसफुसण्यात गेलं होतं.

अजून एक गोष्ट कुणी लिहिली नाही. हायस्कूलच्या मैदानावर हॅश मार्क (ज्यांच्या दरम्यान चेंडू ठेवून चाल सुरू करतात त्या खुणा) मैदानाचे तीन सारखे भाग करतात, म्हणजे एनएफएलपेक्षा खूपच बाहेरच्या बाजूला असतात. चेंडू डाव्या हॅशवर असेल तर उजव्या साइडलाइनकडे टाकलेला पास हवेत फार वेळ राहतो. चौदाव्या वर्षी हातात तेवढी ताकद नसते आणि कॉर्नरबॅकला (बाहेरच्या रिसिव्हरच्या रखवालदाराला) झेप घ्यायला वेळ मिळतो. कोच पास जपून देताहेत त्याचं हेही कारण असू शकतं. खांदाही वाचतो.

विचारायचंच असेल तर "तुला पास का देत नाहीत" असं विचारू नका. "आज कडेचा माणूस काय करत होता? सेफ्टी कधी पुढे आला?" असं विचारा. त्याला उत्तर देता आलं तर समजा तो खूप शिकतो आहे. आणि एखाद्या संध्याकाळी त्याच्या लाइनमधल्या पोरांना घरी जेवायला बोलवा. रनिंग गेम म्हणजे शेवटी तीच पाच पोरं.

केतकी_ओहायो

हे वाचून फार बरं वाटलं, रानवारा. कडेचा माणूस विचारलाच! आधी माझ्याकडे बघत राहिला, मग मीठदाणी, लोणच्याची बरणी आणि चमचे मांडून पूर्ण प्ले समजावून सांगितला. लाइनमधल्या पोरांचं आमंत्रणही ठरलंय, पावभाजी करणार आहे.

एक शेवटचं. मी नेहमी खाली टीमच्या बाकाजवळ, कठड्याला टेकून उभी असते. तिथून मला फक्त पाठीच दिसतात, सेफ्टी पुढे आला की नाही हे काही कळत नाही. कुठे बसू?

अण्णा_पिट्सबर्ग

पन्नास यार्डांच्या रेषेजवळ, सगळ्यात वरच्या पायरीवर. स्नॅपच्या (चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देण्याच्या) आधी चेंडू बघू नका, मागचे दोघं बघा. एक पुढे सरकला की लगेच बाहेरच्या रिसिव्हरकडे नजर टाका. ऑक्टोबरपासून वर वारा झोंबतो, जाड शाल घेऊन जा.