स्वयंपुनर्विकासाचे कर्ज: व्याजाचा दर पाहावा की पैसा हाती येण्याची वेळ?

प्रश्न
मुलुंडमधील आमची 24 सदनिकांची सहकारी गृहनिर्माण संस्था 1978 सालची आहे. जिन्याच्या छताचा गिलावा पडून गंजलेल्या सळ्या उघड्या पडल्या आहेत. विकासकाकडे न जाता इमारत आपणच बांधावी, असे बहुतेक सभासदांना वाटते. सुमारे 20 कोटी रुपये लागतील, आणि एका बँकेने तोंडी साडेबारा टक्के दर सांगितला आहे. शासनाच्या 4 टक्के व्याज सवलतीवर कितपत विसंबावे?

प्रतिसाद 1
ही सवलत 13 सप्टेंबर 2019 च्या शासन निर्णयात आहे. 20 कोटींवर 4 टक्के म्हणजे वर्षाला 80 लाख रुपये, हे खरेच. परंतु ते प्रत्यक्ष खात्यात जमा होईपर्यंत प्रकल्पाच्या हिशेबात धरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय व्याज उचललेल्या रकमेवरच लागते. खरी ओढाताण त्याआधीची असते: वास्तुविशारदाचे शुल्क, महापालिकेचे अधिमूल्य (जादा बांधकामासाठी भरायची रक्कम) आणि सभासदांचे पर्यायी घरांचे भाडे हा खर्च पहिली वीट रचण्याआधीच सुरू होतो. म्हणून बँकेला दराआधी हे विचारा, की पहिला हप्ता आयओडीनंतर (महापालिकेची अटींसह प्राथमिक मंजुरी) मिळेल की सीसी (बांधकाम सुरू करण्याचा परवाना) हाती आल्यावर. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना निवासी प्रकल्पांसाठी कर्ज देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने जून 2022 मध्ये दिली, पण गृहकर्जांवरील एकूण मर्यादा बँकेच्या मालमत्तेच्या 5 टक्केच ठेवली. तेव्हा तुमची बँक जिल्हा बँक असेल, तर तिच्याकडे किती वाव उरला आहे, हेही विचारून घ्या.

प्रतिसाद 2
पैशाच्या वेळेचा हा मुद्दा धारावीने फार पूर्वी दाखवून दिला आहे. स्पार्क ही स्वयंसेवी संस्था आणि नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन व महिला मिलन या झोपडीवासीयांच्या संघटना यांनी 1998 मध्ये ‘निर्माण’ ही ना-नफा कंपनी उभी केली, ती झोपडीवासीयांच्या संस्थांना खासगी बिल्डरविना बांधकाम करता यावे म्हणून. 2002 मध्ये ब्रिटनमधील होमलेस इंटरनॅशनलने ब्रिटिश व स्वीडिश सरकारांच्या मदतीने ‘क्लिफ’ निधी सुरू केला. बँका पुढे येण्याआधीचा खर्च भागवणे आणि त्यांना हमी देऊन पुढे आणणे, ही त्याची दोन कामे होती. धारावीतील राजीव इंदिरा संस्थेचे काम याच आधारावर उभे राहिले. तुमच्या संस्थेला असा हमीदार नाही, ही उणीव मला फार मोठी वाटते. ज्यांच्याकडे मोक्याच्या जागेचे जादा चटईक्षेत्र (बांधता येणारे क्षेत्र) विकायला नाही, अशा संस्थांसाठी शासनाने व्याज सवलतीपेक्षा हमी निधी उभारणे अधिक गरजेचे आहे.

प्रतिसाद 3
आमच्या संस्थेचा अनुभव सांगतो. कर्ज तत्त्वतः मंजूर झाले, परंतु मालमत्ता पत्रकावर (जमिनीच्या मालकीची सरकारी नोंद) अजून मूळ बिल्डरचेच नाव होते. मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरने जमीन नावावर करून न दिल्यास ती सरकारी आदेशाने संस्थेच्या नावे होणे) होऊन नाव लागेपर्यंत 14 महिने गेले आणि तोवर बँकेने एक रुपयाही सोडला नाही. त्या काळात सल्लागाराचे शुल्क आम्ही प्रत्येक सदनिकेमागे 25,000 रुपये जमवून भरले, आणि दोन निवृत्त सभासदांचा वाटा इतरांनी उचलला. तुमचे पत्रक आजच काढून पाहा. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79-अ खालील, पुनर्विकास ठरवण्याच्या विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस त्यानंतरच काढा.

प्रश्नकर्ता
पत्रक आजच ऑनलाइन पाहिले. त्यावर संस्थेचे नाव नाही. येत्या रविवारच्या समितीच्या बैठकीत अभिहस्तांतरणाचा अर्ज हाच पहिला विषय ठेवत आहे.