जुन्या फळ्यांवरच प्लाय मारला तर चालेल का? (सातारा, तातडीचं)

पेठकरी: कौलं उतरवून झालीत, सुतार उद्या सकाळी येतोय. आजोबांच्या वेळचं घर, शनिवार पेठ. वर पत्रा घालायचाय. वाशांवरच्या फळ्या काढू, की त्यांच्यावरच १२ मिमी प्लाय ठोकू? सुतार म्हणतो राहू दे, थोरला भाऊ म्हणतो काढ. लवकर सांगा, आभाळ भरून आलंय.

कृष्णाकाठ: वाशांत अंतर किती? फळ्या किती जाड? वाळवी? काहीच न सांगता "लवकर सांगा"!

वाईचा_बाळू: फळ्या, प्लाय काही नको. सगळं काढून लोखंडी अँगलवर पत्रा. आमची कौलं माकडांनी फोडली म्हणून हेच केलं. आता पहाटे पाचला पत्र्यावर नाचतात, ते सोडा.

आत्याबाई: पत्रा म्हणजे उन्हाळ्यात भट्टी. कौलंच चढवा परत.

पेठकरी: पत्रा दारात येऊन पडलाय हो, तो वाद नको. अंतर दीड फूट, फळ्या पाऊण इंची, सागाच्या. प्लाय कमर्शियल आणलाय.

रंधा: कमर्शियल परत करा, भिजला की पापुद्रे सुटतात. आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) छाप असलेला मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय घ्या. फळ्या राहू देत, पण एकेक टोचून बघा. स्क्रू अडीच इंची आणि वाशातच गेला पाहिजे. नुसत्या फळीत धरलेला टिकत नाही. म्हणून आधी दोरी मारून वाशांच्या खुणा करा. जोड वाशावर, दोन शीटमध्ये तीन मिमी फट.

कृष्णाकाठ: एवढं वजन जुन्या वाशांवर?

रंधा: वजन कमीच झालंय. मंगळुरी कौल एकेक दोन किलोच्या वर, त्या ओझ्यानंच छप्पर दबून होतं. आता वारा उचलेल, ती काळजी करा. वासे भिंतीवरच्या पाटाला (ज्या आडव्या लाकडावर ते टेकतात) लोखंडी पट्टीनं आवळा.

गावभाग_सांगली: प्लायवर भरवसाच ठेवू नका. २०१९ च्या महापुरात आमचं कपाट पुरीसारखं फुगलं.

आत्याबाई: अहो, ते छपराचं विचारतायत. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला पूर कुठला?

पेठकरी: आत्ताच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन वर जाऊन आलो. मधल्या फळ्या टणक, ठोकलं की खणखणतात. वळचणीकडच्या तिसऱ्या फळीत मात्र टोक टेकवलं आणि मुठीपर्यंत आत गेलं. ओढल्यावर पिठासारखा भुसा पायावर. खालच्या वाशाचं टोकही तसंच. सांगायचं राहिलं, तिथं पन्हाळ फुटलेली होती, चार-पाच पावसाळे.

कृष्णाकाठ: हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं!

रंधा: तेवढ्या फळ्या काढा, वाशाला दोन्ही बाजूंनी जोडवासा लावा, वाळवीचं औषध मारा. पन्हाळ आधी बदला. प्लाय परवा. तोवर ताडपत्री.

पेठकरी: ताडपत्री बांधतोय. भावाला सांगितलं नाही अजून.

वाईचा_बाळू: उतरवलेली कौलं विकणार का? गोठ्याला दोनशे लागतील.