पॉन्समधील गाठ आणि नवे औषध : २२ टक्क्यांचा अर्थ काय?

करवीरकर, कोल्हापूर :
माझ्या भाच्याचा डावा डोळा आत वळू लागला, चालताना तोल जाऊ लागला, म्हणून एमआरआय केला. त्यात मेंदूच्या देठातील पॉन्स या भागात पसरलेली गाठ, म्हणजे डीआयपीजी, निघाली. वय ७ वर्षे. शस्त्रक्रियेने ती काढता येणार नाही, रेडिएशन द्यावे लागेल, असे डॉक्टर सांगतात. इकडे नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर मात्र अमेरिकेत २०२५ मध्ये मंजूर झालेल्या डॉर्डाव्हिप्रोन या औषधाने २२ टक्के मुले बरी होतात, असा संदेश फिरतो आहे. आणि आगाऊ पैसे भरल्यास परदेशातील ट्रायलमध्ये, म्हणजे औषधाच्या चाचणीत, जागा मिळवून देतो, असे एका मध्यस्थाने दाजींना सांगितले आहे. रेडिएशन थांबवून तिकडे प्रयत्न करावा का?

बालकर्करोग विभागातील एक वाचक :
रेडिएशन थांबवू नका. सुमारे सहा आठवड्यांत ५४ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रा दिली जाते आणि बहुतेक मुलांची लक्षणे काही महिने तरी कमी होतात; केमोथेरपीने आयुष्य वाढते, असे आजवर सिद्ध झालेले नाही. संदेशातील आकडा खरा आहे, अर्थ चुकीचा आहे. एच३ के२७एम हा जनुकीय बदल असलेली गाठ उपचारांनंतर पुन्हा वाढलेल्या ५० रुग्णांपैकी, ज्यांत प्रौढही होते, २२ टक्क्यांच्या गाठी ठरलेल्या निकषाइतक्या आकसल्या. ते रोगमुक्त झाले असे नव्हे. शिवाय डीआयपीजीचे रुग्ण या ५० जणांत घेतलेच नव्हते, त्यामुळे तो आकडा तुमच्या भाच्याला लावताच येत नाही. तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता, आणि म्हणूनच ही मंजुरी पुढील चाचणीच्या निकालावर अवलंबून ठेवलेली आहे.

गडहिंग्लजचा एक पालक :
मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नका. माझी मुलगी वेगळ्या प्रकारच्या गाठीसाठी चाचणीत होती. औषधाचे आणि चाचणीपुरत्या तपासण्यांचे पैसे आमच्याकडून घेतले नाहीत, खर्च झाला तो मुंबईत राहण्याचा, आणि तो काही थोडाथोडका नव्हता. भारतातील प्रत्येक चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदणी संकेतस्थळावर करणे २००९ पासून बंधनकारक आहे आणि ती कोणालाही फुकट पाहता येते. संमतिपत्र मराठीत मागा, घरी आणून वाचा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलाचाही तोंडी होकार घ्यावा लागतो. आमच्या मुलीने एवढेच विचारले होते, ‘सुई किती वेळा?’, आणि डॉक्टरांनी तिला बोटांवर मोजून दाखवले होते.

बालकर्करोग विभागातील एक वाचक :
एक राहिले. पूर्वी डीआयपीजीचे निदान केवळ एमआरआयवरून होत असे. २०१२ मध्ये एच३ के२७एम हा जनुकीय बदल सापडल्यापासून अनुभवी केंद्रांत बायोप्सीही, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणी, करतात. अनेक ट्रायलमध्ये प्रवेशासाठी तो अहवाल लागतो. बायोप्सी करायची झाल्यास ती रेडिएशनच्या आधी व्हावी लागते, म्हणून परळच्या टाटा रुग्णालयात दाखवणार असाल, तर एमआरआयची सीडी घेऊन याच आठवड्यात जा.

करवीरकर, कोल्हापूर :
दाजींनी मध्यस्थाला नकार कळवला आहे. उद्याच्या महालक्ष्मीने निघतो.